लाभ, दोन, तीन : शाळेआधीचे गणित

सुगी झाली की पडवीत धान्याची मोजणी सुरू होते. हातात पायली घेतलेला माणूस पहिले माप पोत्यात ओततो आणि 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. मग दोन, तीन, चार. वजनकाटे गावोगाव आले तरी बियाण्याचे किंवा घरच्या वाटपाचे धान्य जुनी माणसे अजून अशीच मोजतात. शेजारी राशीत हात खुपसून बसलेले चार वर्षांचे पोर हे ऐकत असते. त्याला कुणी काही शिकवत नाही. पण मातीचे ढीग करून खेळताना ते करवंटीने माप टाकते आणि म्हणते, "लाभ, दोन, तीन."

या पोराला गणित येते का? शंभरपर्यंत आकडे म्हणायला सांगितले तर ते बारा-तेरावर अडखळेल. पाटीवर पाच काढायला सांगितले तर गोंधळेल. तेवढ्यावरून घरचे म्हणतील, अजून काही येत नाही. पण एका करवंटीला एकच शब्द, कोणतीही करवंटी सुटायची नाही, कोणतीही दोनदा मोजायची नाही आणि शब्दांचा क्रम बदलायचा नाही, हे सगळे नियम ते पाळते आहे.

रॉशेल गेलमन आणि सी. आर. गॅलिस्टेल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली लहान मुलांच्या संख्याज्ञानावर एक पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी मोजणीमागची पाच तत्त्वे सांगितली. एका वस्तूला एकच नाव. नावांचा क्रम ठरलेला. शेवटचे नाव म्हणजे एकूण संख्या. मोजायची वस्तू कोणतीही चालते. आणि मोजायला कुठूनही सुरुवात केली तरी उत्तर तेच येते. यातले दुसरे तत्त्व मला फार महत्त्वाचे वाटते, कारण त्यात नावे कोणती असावीत याची अट नाही, फक्त क्रम पक्का हवा. 'एक'च्या जागी 'लाभ' आला म्हणून मोजणी बिघडत नाही. आपल्या विटी-दांडूत तर 'वकट, लेंड, मुंड, नाल' अशी निराळीच माळ असते. तिचे नाते तेलुगूतल्या अंकांशी आहे, हे खेळणाऱ्याला ठाऊकही नसते. काठावर बसून मोठ्या मुलांचा डाव पाहणाऱ्या धाकट्याच्या कानावर अशा दोन-दोन माळा पडतात. संख्या एक आणि तिची नावे अनेक असू शकतात, ही काही साधी गोष्ट नव्हे.

मुळात प्रमाणाची जाण शब्दांच्याही आधीची आहे. फेई शू आणि एलिझाबेथ स्पेल्की यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहा महिन्यांच्या बाळांना पडद्यावर ठिपके दाखवले. आठ ठिपके पाहून कंटाळलेली बाळे सोळा ठिपके आल्यावर पुन्हा टक लावून पाहू लागली, म्हणजे फरक त्यांना कळला. आठ आणि बारा यांतला फरक मात्र त्या वयात कळत नव्हता. ही ढोबळ जाण पाळण्यातूनच येते. दोन वाडग्यांपैकी कोणत्यात शेंगदाणे जास्त आहेत, हे बोट न मोडता ओळखणारे मूल तिच्याच बळावर ओळखते.

ढोबळ जाणिवेपासून नेमक्या संख्येपर्यंतचा प्रवास मात्र आपोआप होत नाही. तिथे खरी अडचण आहे, आणि ती मोठ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. तीन वर्षांच्या मुलापुढे सात चिंचोके ठेवा. ते बोट ठेवत सातपर्यंत बरोबर मोजेल. लगेच विचारा, "मग किती आहेत?" बहुधा ते पुन्हा पहिल्यापासून मोजू लागेल. आता म्हणा, "मला तीन दे." ते मूठभर उचलून देईल. म्हणजे आकड्यांची माळ पाठ आहे, बोटही वस्तूंवर नीट फिरते आहे, पण शेवटी उच्चारलेला शब्द त्या साऱ्या ढिगाविषयी काही सांगतो, हे अजून उमगलेले नाही.

कॅरन विन या संशोधिकेने १९९०च्या सुमारास हाच 'मला इतके दे' प्रकार वापरून मुलांची वाट आखून दाखवली. मुलाला आधी फक्त 'एक'चा अर्थ कळतो. त्याहून मोठे काहीही मागितले तरी ते मूठभर देते. काही महिन्यांनी 'दोन' पक्का होतो. मग 'तीन'. एवढे होईपर्यंत वर्ष निघून जाऊ शकते. आणि मग मुलाला सगळ्या माळेचेच मर्म सापडते. पाच मागा, सहा मागा, ते मोजून देते. पाठांतर ऐकून यातले काहीच कळत नाही. वीसपर्यंत खणखणीत म्हणणारे मूल अजून 'दोन'वर असू शकते.

हा क्रम फक्त शहरातल्या, पुस्तके असलेल्या घरांतल्या मुलांचा आहे का? बोलिव्हियात अ‍ॅमेझॉनच्या जंगलाकाठी त्सिमाने नावाचा समाज राहतो. थोडी शेती, मासेमारी, शिकार यांवर त्यांची गुजराण चालते. तिथल्या मुलांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. मुले त्याच पायऱ्यांनी, त्याच क्रमाने वर चढत होती. फक्त अमेरिकेतल्या मुलांपेक्षा काही वर्षे उशिरा. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. वाट सगळ्यांची सारखी आहे, कुणाच्या बुद्धीत खोट नाही. उशीर होतो तो आजूबाजूला संख्यांचे बोलणे किती होते, त्यांची गरज किती पडते, यामुळे.

बोलण्याचा हा मुद्दा सुसान लेव्हाइन आणि सहकाऱ्यांनी शिकागोत मोजूनच पाहिला. मूल १४ महिन्यांचे असल्यापासून ३० महिन्यांचे होईपर्यंत त्यांनी घरी जाऊन पाच वेळा नव्वद-नव्वद मिनिटांचे चित्रण केले. एकूण साडेसात तासांत काही पालकांच्या तोंडून जेमतेम ४ संख्याशब्द आले, तर काहींच्या तोंडून २५७. ज्यांच्या कानावर हे शब्द जास्त पडले, त्या मुलांना पुढे चौथ्या वर्षाच्या सुमारास संख्येचा अर्थ अधिक चांगला कळत होता. याच गटाच्या पुढच्या कामातून आणखी एक बारीक गोष्ट दिसली. नुसते आकडे म्हणण्यापेक्षा समोर दिसणाऱ्या वस्तू मोजून बोललेले अधिक उपयोगी पडते, आणि त्यातही चार ते दहा एवढ्या वस्तूंविषयीचे बोलणे.

आता खेड्यातल्या घराकडे याच नजरेने पाहू. तिथे संख्येची कमतरता नाही. भाकरी अर्धी होते, चतकोर होते, नितकोर होते. कडबा पाचुंद्यांनी मोजतात. पाच पेंढ्यांचा एक पाचुंदा. मेथीच्या जुड्या बांधतात, गोवऱ्या शेकड्याने विकतात. जुन्या मापांत दोन चिपटी म्हणजे एक मापटे, दोन मापटी म्हणजे शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. दर पायरीला दुप्पट होणारी ही मापे घरातल्या फळीवर ओळीने मांडलेली असत, आणि लहान मूल एकात एक घालून ती खेळत असे. अंगणात सागरगोटे चालतात. त्यात आधी एकेक खडा झेलायचा, मग दोन-दोन, मग तीन आणि एक, मग चारही एकदम. चार या संख्येच्या वेगवेगळ्या फोडी हाताच्या तळव्यात बसवण्याचा हा खेळ आहे. मुठीत चिंचोके लपवून 'एकी की बेकी' विचारणारी मुले सम-विषमाचाच खेळ खेळत असतात. दाराशी ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या आईजवळ बसलेली मुलगी रांगा, कोन, उलटसुलट जोड्या पाहत असते.

पण यातले बरेचसे बोलणे मोठ्यांचे मोठ्यांशी असते. मूल ऐकते, त्याला उद्देशून कुणी बोलत नाही. "जा, बांधून ठेव ती शेरडं," असे सांगितले जाते, "किती बांधलीस? तीनच? मग एक कुठं गेलं?" असे क्वचित विचारले जाते. तेवढ्या एका प्रश्नाने फार फरक पडतो. हे लिहिताना मला कुणा आईला दोष द्यायचा नाही. पहाटेपासून रात्रीपर्यंत राबणाऱ्या बाईला मुलाशी मुद्दाम गणित बोलायला फुरसत कुठली? म्हणून तर अंगणवाडी हवी.

आणि अंगणवाडीची मुळे पाहायला गेलो तर आपण पोहोचतो बोर्डीला. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या या समुद्रकाठच्या गावात ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. ताराबाई त्याआधी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर माँटेसरी पद्धतीचे काम करून आल्या होत्या. माँटेसरीच्या साहित्यात संख्या शिकवण्यासाठी लाल-निळ्या पट्ट्यांच्या लांब-लांब काठ्या असतात, हाताने गिरवायचे खरखरीत अंक असतात, कप्प्यांच्या पेटीत मोजून टाकायच्या चात्या असतात. हे सगळे महाग, आणि खेड्याला परके. बोर्डीत त्या जागी शिंपले आले, बिया आल्या, खडे आणि पाने आली. १९५७ साली केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले. आजूबाजूला वारली पाडे होते. पोरे शाळेत येत नव्हती, कारण कुणाला धाकटे भावंड सांभाळायचे होते, कुणाला गुरे राखायची होती. तेव्हा बालवाडीच पाड्याच्या अंगणात गेली, आणि गुराख्यांसाठी कुरणात शाळा भरली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर गेली. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत, महाराष्ट्रात एक लाखाहून जास्त.

कोसबाडचा धडा निव्वळ काटकसरीचा नव्हता. शिंपला मुलाच्या ओळखीचा असतो. तो त्याने स्वतः वेचलेला असतो, त्याचे लहान-मोठे, खरबरीत-गुळगुळीत असे गट त्याने आधीच केलेले असतात. वर्गीकरण आणि क्रम लावणे या संख्येच्या आधीच्या गोष्टी. 'असर' या शिक्षणविषयक सर्वेक्षणात २०१९ साली २४ राज्यांतल्या २६ जिल्ह्यांमधील चार ते आठ वयाच्या मुलांची पाहणी झाली. तिच्यातही हे दिसले, की गट पाडणे, आकृतिबंध ओळखणे, कोडे जुळवणे असल्या गोष्टी ज्यांना जमत होत्या, ती मुले भाषेत आणि अंकांतही पुढे होती.

तरीही परिसरातल्या वस्तू आणि खेळ दिले की बाकीचे आपोआप होईल, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. दिल्लीत मोइरा डिलन, हरिणी कन्नन, एलिझाबेथ स्पेल्की, एस्थर डुफ्लो आदींनी 'प्रथम' या संस्थेच्या बालवाड्यांमध्ये एक मोठा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१७ साली 'सायन्स'मध्ये आले. गरीब वस्त्यांतली १,५४० मुले, सरासरी वय पाच वर्षांच्या आत. काही मुलांनी चार महिने गणिती खेळ खेळले : कोणत्या ढिगात ठिपके जास्त, कोणती आकृती वेगळी, असे. या मुलांची प्रमाणाची आणि आकारांची जाण सुधारली, आणि वर्षभरानंतरही ती टिकून होती. पण शाळेत गेल्यावर अंक आणि बेरजा शिकण्यात त्यांना त्याचा फायदा झाला नाही. खेळांत अंकांची नावे आणि चिन्हे नव्हती. शाळेत तर सगळे कामच नावांचे आणि चिन्हांचे होते.

हाच तुटलेपणा मोठ्या वयात किती महाग पडतो, हे २०२५ साली 'नेचर'मध्ये आलेल्या अभिजित बॅनर्जी आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासातून दिसते. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत भाजी विकणारी मुले गिऱ्हाइकाचा हिशेब तोंडी, झटपट आणि बिनचूक करत होती. तसलीच उदाहरणे वहीतल्या गणितासारखी मांडली की अडत होती. उलट बाजारात काम न करणाऱ्या शाळकरी मुलांना बाजारातला हिशेब जमत नव्हता. दोन्हीकडे गणित आहे, पण एकीकडचे दुसरीकडे नेता येत नाही. ही फाळणी दहाव्या-बाराव्या वर्षी सुरू होत नाही. ती पहिल्यांदा पडते चार-पाच वर्षांच्या वयात, जेव्हा चिंचोके एका कोपऱ्यात आणि 'एक ते शंभर लिहा' दुसऱ्या कोपऱ्यात, असा वर्ग मांडला जातो. गावोगावी निघालेल्या बालवर्गांत साडेतीन वर्षांच्या मुलाकडून वहीच्या रकान्यांत अंक गिरवून घेतात आणि पालक त्या वह्या पाहून खूश होतात. त्या मुलाची बोटे अजून पेन्सिल धरायला तयार नसतात आणि त्याच्या लेखी '५' ही एक वळणदार रेघ असते. त्यातून गणित शिकले जात नाही, फक्त भीती शिकली जाते.

आपल्या भाषेने आणखी एक चढ ठेवला आहे. सत्तावीसमध्ये सात आधी ऐकू येतो, लिहिताना मात्र दोन आधी. एकोणतीसमध्ये दोनही नाही आणि नऊही नाही. तीसला एक कमी. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस सात' असे वाचन जोडीने दिले, तेव्हा केवढा गदारोळ झाला! गणित विषय समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी शांतपणे सांगितले, की जुनी नावे काढलेली नाहीत, मुलांना सोपे जावे म्हणून दुसरी पद्धत सोबत दिली आहे. मला ते तेव्हाही पटले होते. कानडी मूल पहिल्यापासून वीस-सात याच क्रमाने बोलते. बालवाडीपुरते बोलायचे तर, या चढाची घाई करायचीच कशाला? दहापर्यंतची संख्या हाडीमांसी रुजली आणि दहाची एक जुडी बांधता आली, तर पुढची वाट सोपी होते. तुराट्यांचे सारखे तुकडे करून दहा-दहाच्या मोळ्या बांधणारे मूल 'दोन मोळ्या आणि सात सुट्या' असे म्हणू लागले, की सत्तावीस हा नुसता आवाज राहत नाही.

परीक्षा घेणाऱ्यांसाठीही एक गोष्ट सांगायला हवी. ज्याँ पियाजे यांनी दाखवले होते, की समान संख्येच्या दोन रांगांपैकी एक पसरवली तर लहान मुलाला तीत जास्त वस्तू आहेत असे वाटते. पुढे १९७४ साली एडिंबरात जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनल्डसन यांनी तोच प्रयोग केला. फरक एवढाच, की रांग मोठ्या माणसाने न हलवता एका 'खोडकर अस्वला'ने येऊन विस्कटली. आता कितीतरी जास्त मुलांनी बरोबर उत्तर दिले. मोठा माणूस समोर काहीतरी बदलतो आणि तोच प्रश्न पुन्हा विचारतो, तेव्हा मुलाला वाटते, आधीचे उत्तर चुकले असणार. जीपमधून आलेल्या अनोळखी साहेबाने प्रमाण मराठीत विचारलेल्या प्रश्नावर पाड्यावरचे मूल गप्प बसते, त्याच्या त्या गप्प बसण्याला अज्ञान म्हणून नोंदवू नये.

मग चिंचोके आणि अंक यांची गाठ कशी घालायची? अंगणवाडीच्या दिवसातच तिची जागा आहे. सेविकाताईंच्या मागे पोषण आहार, लसीकरण, वजन-उंची, मोबाइलवरच्या नोंदी असे शंभर व्याप असतात. त्यांच्यावर आणखी एक वेगळा तास लादण्यात अर्थ नाही. पण खिचडी रोज वाढायची असते. ताटल्या मुलाने वाटाव्यात.

"ताई, एक ताटली उरली."

"मग आज कोण नाही आलं रं?"

"शेवंता."

"काल आपण किती जण होतो? नऊ. आज शेवंता नाही, तर किती झालो?"

ताटली आणि मूल यांची जोडी जुळवण्यातून वजाबाकी निघाली, तीही कारण असलेली. वाटणीतही असेच. चार वर्षांचे मूल तुला एक-मला एक करत बारा बोरे दोघांत बिनचूक वाटते. पण फ्रायडमन आणि ब्रायंट या संशोधकांनी १९८८ साली पाहिले, की वाटून झाल्यावर 'तुझ्याकडे सहा आहेत, मग त्याच्याकडे किती?' असे विचारले तर बरीच मुले गोंधळतात किंवा पुन्हा मोजू पाहतात. नेमका तोच प्रश्न वाटणीनंतर रोज विचारायला हवा.

आणि चिन्ह? ते मुलानेच आधी शोधावे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ मार्टिन ह्यूज यांनी १९८६ सालच्या पुस्तकात एक सुरेख खेळ सांगितला आहे. सारखे दिसणारे चार डबे घ्यायचे. एकात एक ठोकळा, एकात दोन, एकात तीन, एक रिकामा. झाकणे लावून डबे अदलाबदल करायचे आणि मुलाला विचारायचे, दोनचा डबा कोणता? ते अंदाजाने सांगते, चुकते. मग कागद आणि पेन्सिल देऊन म्हणायचे, झाकणावर असे काही काढ, की उघडल्याशिवाय ओळखता येईल. शाळेत न गेलेली मुलेही कुणी दोन रेघा काढतात, कुणी तीन गोल, आणि पुढे आपल्याच खुणा वाचून डबा ओळखतात. आपल्याकडे यासाठी बिस्किटांचे रिकामे डबे, चिंचोके आणि कोळशाचा तुकडा पुरतो. मुलांनी आठवडाभर आपापल्या खुणांनी खेळून घेतले की ताईंनी त्या तीन रेघांशेजारी '३' काढून दाखवावा : माझी खूण ही. रिकाम्या डब्याच्या झाकणावर काय काढायचे, यावर मुलांत बराच वाद होईल. तो होऊ द्यावा, शून्य सांगायची घाई करू नये.